कुपीत काय आहे, हे विचारू नये

'अँटी-एजिंग' हा शब्द आधी तोंडातून काढून टाका. तो आता म्हातारा झाला. सुरकुती बधिर करायची, गाल फुगवायचे, कातडी ताणायची, हे सगळं कालचं. आता चालतो तो शब्द 'रीजनरेटिव्ह'. याला पुनरुज्जीवन म्हणता येईल, पण क्लिनिकमध्ये म्हणू नका. मराठीत पुनरुज्जीवन फक्त नद्यांचं आणि बंद पडलेल्या वाचनालयांचं होतं. नव्या शास्त्राचं म्हणणं असं, की त्वचा विशीत कशी वागत होती याची तिला नुसती आठवण करून द्यायची. तुमची त्वचा म्हातारी नाही हो, विसरभोळी आहे. ऐकून बरं वाटलं ना? मग तुम्ही योग्य गिऱ्हाईक आहात.

सुरुवात मशीनपासून करा. एका पांढऱ्या डब्यात हनुवटी टेकवायची, डोळे मिटायचे, जांभळा उजेड पडतो आणि थोड्या वेळाने स्क्रीनवर एक चेहरा येतो. चेहरा तुमचाच असतो, पण सुकलेल्या चिखलावर पावसाचे चार थेंब पडावेत तसा दिसतो. कोपऱ्यात एक आकडा असतो, 'स्किन एज'. तो जन्मदाखल्याच्या पुढेच निघणार. खऱ्या वयापेक्षा कमी आकडा दाखवणारं मशीन कुणी बनवलंही असेल, पण ते विकत कोण घेईल? वाद घालू नका. काउन्सेलर मॅडम हळूच 'च्च' करतील, तेव्हा तुम्हीही मान हलवा. पॅकेज किती सिटिंगचं, ते त्या 'च्च'च्या लांबीवर ठरतं.

मग कोलॅजेनची गोष्ट सांगतील. ती खरी आहे, म्हणून लक्ष देऊन ऐका. पुढे ही संधी फार वेळा येणार नाही. त्वचेच्या आतल्या थराला ताठ ठेवणारं हे प्रथिन विशीनंतर वर्षाला साधारण १ टक्क्याने घटत जातं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तर आडाला जखम करायची. जखम झाली की प्लेटलेट्स धावत येतात, रसायनं सोडतात, फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी जाग्या होतात आणि नवं कोलॅजेन विणायला घेतात. बहुतेक सगळ्या रीजनरेटिव्ह उपचारांचं मूळ इथेच आहे. शरीराला थोडं घाबरवायचं आणि त्याच्या धावपळीतून आपला फायदा काढायचा. (घरातली मोठी माणसं लहान मुलांवर हा प्रयोग फार पूर्वीपासून करत आली आहेत.) १९९७ साली कॅनडातल्या डॉक्टरांनी टॅटू काढायचं यंत्र शाई न भरता जुन्या वणांवर फिरवलं आणि वण सुधारल्याचं लिहून ठेवलं. आजचं मायक्रोनीडलिंग त्याच कुळातलं. सुया अर्ध्या मिलिमीटरपासून अडीच मिलिमीटरपर्यंत, आणि हातातलं यंत्र पेनाएवढं.

प्रत्यक्ष कार्यक्रम असा असतो. आधी चेहऱ्यावर बधिर करणारं मलम जाड थापतात आणि वर पातळ प्लॅस्टिक गुंडाळतात. तुम्ही खुर्चीत बसून राहता, कुणीतरी झाकून ठेवून विसरल्यासारखे. बधिरपणा ओठांपर्यंत पोचला की प्यायलेलं पाणी हनुवटीवरून ओघळतं आणि कॉलर भिजल्यावर कळतं. मग यंत्र फिरू लागतं. गालावर असताना त्याचा आवाज शेजारच्या घरातल्या शिलाई मशीनसारखा येतो. कपाळावर, जिथे हाड जवळ असतं, तिथे तो बाहेरून येतच नाही, कवटीच्या आतून येतो. अशा वेळी 'वण म्हणजेसुद्धा कोलॅजेनच ना हो?' असा प्रश्न सुचू शकतो. सुचू द्या. ओठ बधिर आहेत, विचारता येणार नाही. दोन-तीन दिवस चेहरा लाल राहतो, त्याला 'सूज' म्हणायचं नाही, 'डाउनटाइम' म्हणायचं.

भोकं पडली. आता त्यांतून आत काय सोडायचं? खरा बाजार इथून पुढे आहे.

सोवळी मंडळी स्वतःच्या रक्तापासून सुरुवात करतात. पीआरपी. दंडातून थोडं रक्त काढायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये गरागरा फिरवायचं, तांबडं तळाशी बसतं आणि वरचा पिवळसर, प्लेटलेट्सनी दाट झालेला भाग चेहऱ्यात परत घालायचा. आपलाच माल आपल्यालाच विकत मिळण्याचा हा सोहळा. २०१३ साली अमेरिकन टीव्हीतारका किम कार्दाशियनने रक्ताने माखलेल्या चेहऱ्याचा फोटो टाकला आणि लोक घाबरण्याऐवजी रांगेत उभे राहिले. मागाहून २०१८ साली एका नामांकित त्वचारोग नियतकालिकात एक छोटी चाचणी छापून आली. एका गालात पीआरपी, दुसऱ्यात नुसतं मिठाचं पाणी, आणि कुठल्या गालात काय, हे ना रुग्णांना माहीत ना तपासणाऱ्यांना. सहा महिन्यांनी रुग्ण म्हणाले, पीआरपीच्या बाजूचा पोत जास्त सुधारलाय. तपासणाऱ्या त्वचातज्ज्ञांना मात्र दोन गालांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. यातून घ्यायचा बोध सोपा आहे. आपल्या चेहऱ्याबद्दल त्वचातज्ज्ञाला विचारायला जाऊ नका. त्याला काय कळतं? चेहरा कुणाचा आहे?

ट्यूबवर आपलं नाव आहे का, हे वाकून बघण्याची सवयही सोडा. फार संशयी दिसतं. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये परवाना नसलेल्या एका स्पामध्ये लोक असंच निःसंशय मनाने जात होते. २०१८ मध्ये तपासणी झाली तेव्हा रक्ताच्या बिननावाच्या ट्यूब स्वयंपाकाच्या ओट्यावर सापडल्या. आणखी काही ट्यूब फ्रिजमध्ये होत्या, खाण्याच्या वस्तूंच्या शेजारी. वेष्टन काढलेल्या सिरिंज खणात. तिथल्या तीन गिऱ्हाइकांना एचआयव्हीची लागण तिथूनच झाली असावी, असं अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२४ च्या अहवालात नोंदवलं. परवाना, नाव, नवी सुई असल्या बारीकसारीक गोष्टींत अडकलं, की ग्लो येत नाही म्हणतात.

स्वतःचं रक्त फार घरगुती वाटत असेल तर मासा घ्या. सध्या ज्याचा बोलबाला आहे ते पीडीआरएन म्हणजे डीएनएचे तुकडे, आणि ते काढतात सॅल्मन किंवा ट्राउट माशाच्या शुक्रातून. नाक मुरडू नका, या पदार्थाचं घराणं मोठं आहे. १८६९ साली स्विस संशोधक फ्रीडरिख मीशरने जर्मनीत ट्युबिंगेनच्या किल्ल्यातल्या जुन्या स्वयंपाकघरात, इस्पितळातून आणलेल्या पट्ट्यांवरच्या पुवातून, आपण आज ज्याला डीएनए म्हणतो ते पहिल्यांदा वेगळं काढलं. पुढे स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला गेल्यावर पू सोडून त्याने ऱ्हाइन नदीतल्या सॅल्मनचं शुक्र धरलं, कारण त्यात पेशीच्या केंद्रकाचा, म्हणजे डीएनए जिथे असतो तो, मालच जास्त. म्हणजे माशाचं शुक्र की पू, हा निवाडा विज्ञानाने दीडशे वर्षांपूर्वीच तुमच्या बाजूने दिलेला आहे. आभार माना.

खोटं कशाला बोला, पीडीआरएन अगदीच पोकळ नाही. जखमा भरून येण्यासाठी त्याचा वापर आधीपासून होतो आहे, आणि इंजेक्शनने दिल्यावर त्वचा थोडी सुधारते असं सांगणारे लहानसहान अभ्यासही आहेत. पण लहानसहान सुधारणेवर तुमचं समाधान होणार असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. तुम्ही क्रीम घ्या. त्वचातज्ज्ञांमध्ये एक ढोबळ नियम सांगतात, की साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं एकक) मोठा रेणू अखंड त्वचेतून आत शिरत नाही. पीडीआरएनचे तुकडे ५० हजार डाल्टनपासून सुरू होतात आणि १५ लाखांपर्यंत जातात. दाराच्या फटीतून हत्ती आत जायचा आहे. तरीही रोज रात्री, खालून वर, हलक्या हाताने मसाज करा. हत्तीला वाईट वाटायला नको.

आणि आता एक्झोसोम. इथे आवाज खाली आणायचा असतो. १९८० च्या दशकात मेंढीच्या अर्धवट वाढलेल्या तांबड्या पेशी बघताना संशोधकांना दिसलं, की पेशी नको असलेली प्रथिनं इवल्याशा पिशव्यांत भरून बाहेर टाकतात. १९८७ मध्ये त्या पिशव्यांना एक्झोसोम हे नाव मिळालं, आणि पुढे बरीच वर्षं हा पेशीचा कचरा, असंच समजलं गेलं. नंतर कळलं, की त्यांतून एका पेशीचे निरोप दुसरीकडे जातात. आकार ३० ते १५० नॅनोमीटर. प्रयोगशाळेत हा विषय फार गंभीर आणि फार सुंदर आहे. तिथून क्लिनिकपर्यंत यायला जेवढी वर्षं लागायला हवी होती तेवढी लागली नाहीत, एवढीच काय ती कुरबुर.

एका क्लिनिकमध्ये मी ती कुपी हातात घेऊन पाहिली. बोटाच्या पेराएवढी, तळाशी पांढरी भुकटी, वर चंदेरी झाकण. यात नक्की काय आहे, किती आहे, कुणाचं आहे, असे तीन प्रश्न एका दमात विचारले. उत्तर एकच मिळालं, "कोरियन आहे." त्यानंतर काय विचारणार? लेबल मात्र मी वाचलं. बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'फक्त बाहेरून लावण्यासाठी'. हा शब्दप्रयोग ध्यानात ठेवा, कारण यात वकिलाची सारी विद्या उतरली आहे. इंजेक्शन म्हटलं की औषध झालं, औषध म्हटलं की चाचण्या आल्या, परवानगी आली. त्यापेक्षा आधी त्वचेला हजारो भोकं पाडायची आणि मग ते बाहेरून लावायचं. बाहेरूनच तर लावलं! आता भोकातून आत गेलं तर तो त्याचा प्रश्न. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर इशारा देऊन सांगितलं, की मान्यता मिळालेलं एकही एक्झोसोम उत्पादन नाही. युरोपीय संघाच्या नियमांत तर मानवी पेशींपासून काढलेला पदार्थ सौंदर्यप्रसाधनात चालतच नाही. म्हणून आता गुलाबाचे एक्झोसोम निघालेत. गुलाब तुमच्या गालाला नेमका कोणता निरोप देणार, मला ठाऊक नाही. काटे येऊ नयेत एवढीच सदिच्छा.

नाळेतून, चरबीतून, कुणाच्या तरी कशातून काढलेलं असं काही तुमच्यात जाणार असेल, तर 'कुणाच्या' हा प्रश्न मात्र जुनाट समजावा. ययातीला निदान आपलं तारुण्य कुणाकडून आलं ते माहीत होतं. डोनर घरातलाच होता, नाव पुरू, संमतीही तोंडी का होईना घेतलेली. तुमच्या संमतीपत्राला सहा पानं आहेत आणि ती वाचायला जेवढा वेळ लागतो त्याच्या आधी मलम वाळतं. सही करा.

फोटोंचं म्हणाल तर 'आधी'चा फोटो वरच्या दिव्याखाली, केस मागे ओढून, कर्ज नाकारल्यासारखा चेहरा करून. 'नंतर'चा खिडकीसमोर, हसून. मधे काय घडलं याला फार महत्त्व देऊ नका.

एका वाटेला मात्र चुकूनही जाऊ नका. ऑस्ट्रेलियात नाम्बोर नावाच्या गावी १९९२ पासून साडेचार वर्षं एक कंटाळवाणा प्रयोग चालला. ५५ वर्षांखालच्या ९०३ जणांच्या हातांच्या पाठीवरच्या त्वचेचे ठसे घेतले. काहींना रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं, बाकीच्यांना मर्जीवर सोडलं. रोज लावणाऱ्यांत त्वचेचं वार्धक्य २४ टक्क्यांनी कमी निघालं. बघा, काय शोभा आहे यात? कुपी नाही, सेंट्रिफ्यूज नाही, 'च्च' नाही. एक ट्यूब आणि रोज सकाळी आठवण. ट्रेटिनॉइन या अ जीवनसत्त्वाच्या कुळातल्या मलमाचंही तेच. उन्हाने खराब झालेल्या त्वचेवर ते काम करतं हे १९८० च्या दशकापासून माहीत आहे, पण आधी चेहरा सोलवटतो, मग कित्येक महिने थांबावं लागतं, आणि मुख्य म्हणजे ते लावत असल्याचं कुणाला सांगून काहीच वाटत नाही. 'मी आज पुन्हा सनस्क्रीन लावलं' असा फोटो टाकून बघा. सख्खी बहीणसुद्धा लाइक करणार नाही.

त्यातून २०१२ साली एका वैद्यकीय नियतकालिकाने एका ट्रकचालकाचा फोटो छापून या कंटाळवाण्या पंथाला आणखी बळ दिलं. वय ६९, पैकी २८ वर्षं मालाची ट्रक चालवण्यात गेली. चेहऱ्याची उजवी बाजू त्याच्या वयाची. डावी, म्हणजे खिडकीकडची बाजू (अमेरिकेत चालक डावीकडे बसतो), जाड, लोंबलेली, खोल चरे पडलेली, उजव्या बाजूच्या वडिलांची शोभावी अशी. काच बंद असली तरी उन्हातले अतिनील-ए किरण आत येतात, ते असे.

तेव्हा सहावी सिटिंग आटोपली, गाल लाल झाले, पुढच्या पॅकेजचा ॲडव्हान्स भरून झाला, की घरी परतताना खिडकीची जागा पकडा. उन्हाकडची. आणि बाजू दर वेळी बदलत जा. दोन्ही गालांची गिऱ्हाइकी सारखी राहिली पाहिजे.