सरळ पाठीची साधी खुर्ची पुरेशी असते का? : एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार.

कार्यालयीन खुर्ची कशी निवडावी यावरच्या माझ्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. सरळ पाठीची लाकडी खुर्ची आणि काटकोनात बसण्याची सवय एवढे कार्यालयीन कामाला पुरेसे असते, बाकी खटके आणि दांडे हा विक्रेत्यांचा बाजार आहे, आणि डोके टेकवण्याची सोय ‘आवश्यक’ ठरवून मी वाचकांना नसत्या खर्चात पाडतो, असे आपले म्हणणे आहे. यातला शेवटचा आक्षेप रास्त आहे. त्याविषयी पुढे लिहितो.

काटकोनाचे मत मात्र मला पटत नाही. मांडी धडाशी काटकोनात आली की कटीचे हाड मागे कलते आणि कमरेचा नैसर्गिक बाक सपाट होऊ लागतो. ताठ बसण्याचा निर्धार दहा-पंधरा मिनिटांत का ढासळतो, याचे उत्तर बरेचसे इथे आहे. स्वीडनचे अस्थिशल्यविशारद आल्फ नाकेमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० आणि १९७० च्या दशकांत कण्याच्या चकतीत सुई घालून आतला दाब मोजला, तेव्हा आधाराविना बसल्यावर तो उभे राहण्यापेक्षा जास्त भरला, आणि पाठ मागे कलती करून कमरेला आधार दिल्यावर उतरला. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतील मोजमापांत बसणे आणि उभे राहणे यांतला फरक इतका ठळक दिसला नाही, परंतु मागे रेलल्यावर दाब घटतो याला त्यांतूनही दुजोराच मिळाला. तेव्हा लाकडी खुर्चीचा दोष लाकडात नाही, तिची पाठ एकाच कोनात खिळलेली असते यात आहे.

मूळ लेखात मी सर्वांत जास्त जागा बैठकीच्या लांबीला, म्हणजे पुढच्या कडेपासून पाठीपर्यंतच्या अंतराला, दिली होती आणि तिचा आपण उल्लेखही केलेला नाही, याचे थोडे वाईट वाटले. पाठ पूर्ण टेकवून बसल्यावर बैठकीची कड आणि गुडघ्यामागची खळगी यांच्यामध्ये दोन-तीन बोटे मावली पाहिजेत. बैठक याहून लांब असली तर कड पोटरीच्या वर रुतते, आणि ते टाळण्यासाठी माणूस नकळत पुढे सरकतो. मग कमरेसाठी दिलेला उंचवटा कितीही उत्तम असो, तो कमरेला लागतच नाही. हर्मन मिलर कंपनीने १९९४ मध्ये बाजारात आणलेली ‘एअरॉन’ ही जाळीची खुर्ची तीन मापांत मिळते, ती याच अडचणीमुळे. बुटाला माप असते हे आपण निमूट मान्य करतो, खुर्चीला असते म्हटले की तो बाजार कसा ठरतो?

महागड्या खुर्च्यांची भलामण केल्याचा आरोपही मी स्वीकारू शकत नाही. टेबल साधारण ७३ ते ७५ सेंटिमीटर उंचीवर पक्के असते. ठेंगण्या व्यक्तीने कोपर टेबलाच्या पातळीला आणण्यासाठी खुर्ची वर घेतली की पाय लोंबकळतात, आणि पाय जमिनीला लावले की खांदे उचलावे लागतात. ही अडचण कितीही महाग खुर्ची सोडवत नाही, पायाखालचा साधा पाट सोडवतो, आणि मी तोच सुचवला होता.

चाकांबाबत एवढेच, की फरशीसाठी मऊ आणि गालिच्यासाठी कडक चाके घ्यावीत. गादीच्या मऊपणाबद्दल आपण दिलेला इशारा मात्र मोलाचा आहे: दुकानात दोन मिनिटे बसून सुखावह वाटणारी मऊ गादी हलक्या फोमची असली तर काही महिन्यांत दबून खालची फळी टोचू लागते. म्हणून निदान अर्धा तास, शक्य तर आपले नेहमीचे काम करत, बसून पाहावे. दुकानदाराने कपाळाला आठ्या घातल्या तरी चालेल.

आता डोक्याचा आधार. टंकलेखन करताना डोके पुढेच असते, त्यामुळे तो बहुतेकांच्या उपयोगी पडत नाही; खूप मागे रेलून वाचणाऱ्याला किंवा फोनवर बराच वेळ बोलणाऱ्याला तेवढा लागतो. ‘आवश्यक’ हा शब्द मी सवयीने लिहिला होता. तो काढून ‘रेलून काम करणाऱ्यांना उपयुक्त’ अशी दुरुस्ती आज लेखात केली आहे.