पोऱ्या जलमना तव्हयच लिखी लिधं ना त्यास्नी?

धाकट्याच्या पहिलीच्या प्रवेशासाठी फाइल घेऊन फिरत होते. तिसऱ्या शाळेतही 'तुकडी भरली, ताई' ऐकलं आणि घरी येऊन जन्माचा दाखला परत पिशवीत घालत होते. सासूबाईंनी विचारलं, "हाऊ कागद कोन देस?" म्हटलं, महानगरपालिका. तर म्हणाल्या, "पोऱ्या जलमना तव्हयच लिखी लिधं ना त्यास्नी? मंग आते जागा नही कशी?"

त्या कधी शाळेत गेल्या नाहीत. पण गेले चार दिवस त्यांचा हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाहीये.

आम्ही वलवाडीत राहतो. 2018 साली धुळ्याची हद्दवाढ झाली, 11 गावं महानगरपालिकेत आली, त्यात आमचंही. घरपट्टी पालिकेची, नळाचं बिल पालिकेचं. शेतं एनए (बिगरशेती) झाली, प्लॉट पडले, बंगले आणि रो-हाऊस उभे राहिले. या घरांमध्ये कोण राहायला येतं? नवीन लग्न झालेली, लहान पोरं असलेली माणसंच येतात. ले-आउट मंजूर करणारी पालिका, बांधकाम परवानगी देणारी पालिका, जन्माची नोंद करणारी पालिका. आणि शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 9 प्रमाणे हद्दीतल्या 14 वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवण्याची, त्याला जवळची शाळा उपलब्ध करून देण्याची जबाबदारीही पालिकेचीच. हा कायदा 1 एप्रिल 2010 ला लागू झाला. आज पहिलीत जाणारी मुलं तेव्हा जन्मलीही नव्हती.

एखादं मूल पहिलीत येणार हे पालिकेला सहा वर्षं आधी कळतं. रस्त्याचं किंवा पाण्याचं नियोजन करताना पुढचा अंदाज बांधावा लागतो. शाळेच्या बाबतीत मात्र नावानिशी, तारखेनिशी यादी रजिस्टरमध्ये पडलेली असते.

आता कुणी म्हणेल, जन्माचं रजिस्टर पुरेसं नाही. बरोबर आहे. नोंद जिथे जन्म होतो तिथे होते. माझी मोठी अमळनेरला, माहेरी झाली. तिची नोंद अमळनेर नगरपालिकेत. उलट साक्री, शिंदखेड्याच्या कितीतरी बायका बाळंतपणाला धुळ्याला येतात, त्यांची बाळं धुळ्याच्या रजिस्टरवर आणि राहायला गावी. पण त्याच फॉर्मवर आईचा राहण्याचा पत्ताही लिहून घेतात. शिवाय अंगणवाडी सेविकेची यादी असते, आशाताई आणि नर्सबाईंकडे लसीकरणाची यादी असते. आमच्या गल्लीत कुणाच्या घरी किती महिन्यांचं बाळ आहे हे आमच्या आशाताईला तोंडपाठ आहे. या तीन याद्या एका टेबलावर कुणी मांडत नाही, एवढंच अडलंय.

पालिकेत विचारायला गेले तर एका खिडकीने दुसऱ्या खिडकीकडे पाठवलं. कुणी उर्मटपणे बोललं नाही. पण पुढच्या जूनमध्ये आमच्या भागातून किती मुलं पहिलीत येणार, हा आकडा एकाही खिडकीवर मिळाला नाही.

शिक्षकांचं तर याहून उलटं. कुठल्या शाळेला किती शिक्षक हे ठरवणारी संचमान्यता होते ती 30 सप्टेंबरच्या पटावर. म्हणजे जी मुलं शाळेत बसली तीच मोजली जातात. जागा नाही म्हणून जे पोरगं पांझरा नदीपलीकडच्या शाळेत गेलं, ते आमच्या भागाच्या पटावर कधी येतच नाही. दिवाळीनंतर वीटभट्टीवर आलेल्या कुटुंबांची पोरं तर त्या तारखेनंतरच येतात. त्यांच्या प्रवेशाची जबाबदारीही त्याच कलम 9 मध्ये लिहिलेली आहे.

अंतर मात्र सगळे मोजतात. नियमाप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. फेब्रुवारी 2024 मध्ये सरकारने नियम बदलला, की एक किलोमीटरमध्ये सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी विनाअनुदानित शाळेला शिक्षण हक्क कायद्यातल्या गरीब, वंचित मुलांच्या 25 टक्के राखीव प्रवेशातून सूट. त्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जागा किती, शिक्षक किती, हे त्यात कुठेच नव्हतं. 19 जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला, पण तोवर शाळा सुरू होऊन महिना झाला होता. आमच्या शेजारच्या मुलीचं ते वर्ष असं टांगणीवर गेलं. तिची आई रोज रात्री मोबाइलवर प्रवेशाचं पोर्टल उघडून बसायची. ते आठवलं की अजून पोटात कालवतं.

आणि जागेचं काय? विकास आराखड्यात शाळेसाठी आरक्षण टाकतात. एमआरटीपी म्हणजे नगररचना कायद्याचं कलम 127 असं सांगतं की आराखडा लागू झाल्यावर दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर 24 महिन्यांतही काही हालचाल झाली नाही तर आरक्षण संपतं. मालकाची चूक नाही, त्याने तरी किती वर्षं थांबायचं? पण एकदा तिथे प्लॉट पडले की त्या भागात शाळेला पुन्हा जागा मिळणं फार अवघड. इकडे ह्यांची जुन्या धुळ्यातली शाळा बघून आलो. ह्यांच्या वेळी पहिलीच्या तीन तुकड्या होत्या, आता एकच आहे, बाकीच्या वर्गांना कुलूप. मुलं नदी ओलांडून इकडे आली, वर्ग तिकडेच राहिले.

माझी मागणी एकच आहे. दरवर्षी डिसेंबरमध्ये पालिकेने प्रभागवार यादी लावावी: पुढच्या वर्षी सहा वर्षांची होणारी मुलं किती, एक किलोमीटरमधल्या शाळांत पहिलीच्या जागा किती. जिथे कमी पडतात तिथे जूनपर्यंत काय करणार, तेही त्याच कागदावर. भाड्याची खोली घ्या, दोन पाळ्यांत वर्ग भरवा, पण जूनच्या आधी सांगा.

तसा अर्ज मी सोमवारी देतेय. सोबत आमची स्वतःची यादी जोडायची आहे. आमच्या दोन ओळींतच तीन ते सहा वयाची 17 मुलं निघाली. येत्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये वही घेऊन बसणार आहे, आशाताईही येते म्हणालीय. आजूबाजूच्या कॉलन्यांतल्या ताई, दादा, ज्यांच्या घरी लहान पोरं आहेत त्यांनी फक्त जन्मतारीख आणि पत्ता सांगायला या.