वंशावळ, रंगीत, आठ नग

माझे २८० रुपये कंपनीकडे अडकलेत. त्यातले २४० एकवेळ गेले तरी चालतील, पण वरचे ४० पिवळ्या रंगाचे आहेत आणि ते मी सोडणार नाही.

मागचं थोडक्यात सांगतो. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी २२ वर्षं 'कॉम्प्युटर बघतो'. हे सासऱ्यांचे शब्द. व्हिजिटिंग कार्डावर जरा बरं लिहिलंय. दोन महिन्यांपूर्वी पुण्याहून एक सल्लागार आला. वय माझ्या भाच्याएवढं. नवीन ईआरपी, म्हणजे खरेदीपासून हिशोबापर्यंत सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, घ्यायच्या आधी अख्ख्या कारखान्याचं एंटरप्राइज आर्किटेक्चर, म्हणजे कुठलं काम कोण आणि कशावर करतं ते सगळं, कागदावर उतरवलं पाहिजे, आणि तेही आर्किमेट नावाच्या भाषेत, असं त्यानं मालकांना पटवलं. मालकांनी टेबलाभोवती नजर फिरवली. नेमका त्याच वेळी मी बिस्किटाला हात घातला होता. ठरलं.

भाषा म्हटल्यावर मला वाटलं, बोलायची-लिहायची असेल. ही नुसती काढायची असते. धंद्यातली माणसं आणि कामं वरती पिवळ्या चौकोनांत, त्याखाली सॉफ्टवेअर निळ्यात, तळाला सर्व्हर-केबल हिरव्यात. करणारा असेल तर चौकोनाचे कोपरे टोकदार, करण्याची क्रिया असेल तर कोपरे गोल. आणि ज्याच्यावर काम होतं, ती चलनं-बिलं वेगळी. म्हणजे कर्ता, कर्म, क्रियापद. सहावीला बाईंनी छडीच्या जोरावर शिकवलेलं ४७व्या वर्षी कामाला येतंय म्हणून मी दोन दिवस खूश होतो.

मग रेघा आल्या. ११ प्रकारच्या.

साधी रेघ, तुटक रेघ, ठिपक्यांची रेघ. टोकाला कधी भरीव बाण, कधी उघडा बाण, कधी पोकळ त्रिकोण. एक चीज दुसऱ्याचा अविभाज्य भाग असेल तर रेघेच्या टोकाला काळा शंकरपाळा. नुसती गोळा करून एकत्र ठेवली असेल तर पांढरा शंकरपाळा. रात्री अकराला जेवणाच्या टेबलावर मी पुटपुटत बसायचो, "काळा शंकरपाळा, पांढरा शंकरपाळा," आणि बायको फ्रिज बंद करता करता म्हणायची, "दिवाळीला अवकाश आहे अजून." या भाषेची सराव परीक्षा दिली. ६० मिनिटांत ४० प्रश्न, पास व्हायला २४ बरोबर लागतात. मला २३ मिळाले. घरात कुणाला सांगितलेलं नाही. इथं पहिल्यांदा लिहितोय.

ही भाषा नेदरलँड्समध्ये २००२ ते २००४च्या दरम्यान तयार झाली. आर्किटेक्चर आणि ॲनिमेट हे दोन शब्द जोडून तिचं नाव पाडलं. नंतर ती ओपन ग्रुप या मानकं ठरवणाऱ्या संस्थेकडे गेली आणि २००९ला पहिली अधिकृत आवृत्ती निघाली. डच लोकांचं मी समजू शकतो. अर्धा देश समुद्राच्या पातळीखाली नाहीतर जेमतेम वर. कुठला बांध कुठल्या दाराला जोडलाय हे काढून ठेवलं नाही तर सकाळी पलंग तरंगायचा. आपल्याकडे ऑगस्ट २०१९ला पंचगंगा शिरोलीजवळ हायवेवर आली, रस्ता बंद पडला, निम्मा स्टाफ शहरात अडकला आणि सर्व्हरचा पासवर्ड माझ्यासोबत अडकला. तेव्हा कारखान्यात काय आहे आणि काय नाही, हे एका माणसाला ठाऊक होतं. स्टोअरचे मामा. पलीकडेच राहतात. लाल कापडी पुठ्ठ्याची डायरी, कानावर पेन्सिल. २०२१ला पुन्हा पाणी आलं, पुन्हा मामा. मी आर्किमेटमधला एकेक घटक तपासला. भूमिका आहे, प्रक्रिया आहे, सेवा आहे, करार आहे, अगदी 'अर्थ' आणि 'मूल्य' यांनाही चिन्हं आहेत. 'मामांना विचार' याला चिन्ह नाही.

असो. चित्र पूर्ण झालं. ज्या प्रोग्राममध्ये काढलं तो फुकट मिळतो. खर्च आला तो छापायचा. मालकांना स्क्रीनवर दिसत नाही, त्यांना कागद लागतो. ऑफिसचा रंगीत प्रिंटर गणपतीपासून बंद आहे. म्हणून परवा संध्याकाळी सुटल्यावर भाऊसिंगजी रोडवरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह घेऊन उभा राहिलो. आठ प्रती, ए-थ्री, रंगीत.

दुकानदारानं फाइल उघडली, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि स्क्रीनकडे बघत म्हणाला, "वंशावळ व्हय?"

"नाही हो. कंपनीचं आहे."

"कंपनीची वंशावळ?"

मागं रांगेत सातबारा घेऊन एक आजी होत्या. त्या काउंटरवर वाकल्या. "कुणाची रं वंशावळ?"

"ह्या साहेबांची."

"आजी, वंशावळ नाही ही. कारखान्यात कुठलं काम कोण करतं, त्याचं चित्र आहे."

"ते झालंच की," दुकानदार म्हणाला. "दिवसाला धा-बारा वंशावळी टाइप करतोय साहेब मी. पडताळणीला लागत्यात. मला नका सांगू." त्यानं स्क्रीनवर बोट ठेवलं. वरच्या डाव्या कोपऱ्यात काडीचा माणूस होता, म्हणजे बिझनेस ॲक्टर, म्हणजे स्टोअरचे मामा. "हा मूळ पुरुष."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. कारण खरं सांगायचं तर, होता.

"आणि ह्यो काळा शंकरपाळा कशाचा?" आजी.

आता इथं मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण दोन महिने या विषयावर माझ्याशी कुणी आपणहून बोललं नव्हतं. म्हणालो, "आजी, त्याचा अर्थ, हा त्याचाच भाग. त्याच्यापासून वेगळा काढता येत नाही."

"आणि पांढरा?"

"पांढरा म्हणजे एकत्र आहेत, पण हा दुसरीकडंही असू शकतो."

आजींनी मान डोलावली. "सख्खं आणि दत्तक."

"तसं नाही…"

"मग ही तुटक रेघ? सासरी गेलेली?"

"ती… म्हणजे एक गोष्ट दुसरीकडं वाहत जाते. माहिती वगैरे."

"तेच म्हनते मी," आजी म्हणाल्या. "आमच्या धाकटीचं तसंच हाय. हितलं सगळं तिकडं सांगती."

रांगेतला तिसरा गडी, बहुधा लग्नपत्रिकेचा मजकूर घेऊन आलेला, मोबाइल खिशात ठेवून पुढं सरकला. "अन् साहेब, पोरींची नावं न्हाईत व्हय ह्यात? आता घालावी लागत्यात. हिश्श्याला भांडन नको पुढं."

मी त्याला सांगितलं की हा गुदामाचा मॉड्यूल आहे. तो म्हणाला, असू द्या, तरी घाला.

मग आलं पैशाचं. एक प्रत ३० रुपये, आठचे २४०. मी पाकीट काढलं. दुकानदार म्हणाला, "२८० द्या. पिवळा लई हाय."

"म्हणजे?"

"निम्मा कागूद पिवळा हाय की ओ! पट्टणकोडोलीच्या यात्रंत भंडारा उधळल्यागत. टोनर खातंय ते. त्यापेक्षा ब्लॅक-व्हाइट करा, ८० रुपयात बसवतो."

मी म्हणालो, रंगाशिवाय चालत नाही. तो म्हणाला, का? आणि इथं माझं ज्ञान माझ्यावरच उलटलं. आर्किमेटच्या नियमावलीत रंगांना काहीही अर्थ नाही. पिवळा-निळा-हिरवा ही सवय आहे, नियम नव्हे. रंग नसेल तर चौकोनाच्या कोपऱ्यात एकेक अक्षर टाकायची सोयसुद्धा दिलेली आहे. सराव परीक्षेत हा प्रश्न होता आणि बरोबर आलेल्या २३ पैकी तो एक होता. म्हणजे हा माणूस नियमाला धरून बोलत होता आणि मी सवयीला. पण मालक काळं-पांढरं चित्र बघणार नाहीत, हे काउंटरवर कसं सांगणार? मी ४० रुपये दिले. एवढा अभ्यास करून पिवळ्याचे ४० रुपये देणारा भाऊसिंगजी रोडवर मीच पहिला असेन.

"बिल द्या," एवढंच म्हणालो.

काल सकाळी मीटिंग झाली. आठ प्रती वाटल्या. मालकांनी कागद हातभर लांब धरला आणि म्हणाले, "रंग झक्कास. आपला लोगो जरा मोठा पाहिजे होता." पुढं फोन आला, ते बाहेर गेले ते गेलेच. सल्लागारानं मात्र नीट बघितलं. हसला. हसू चांगलं होतं, तेच लागलं. म्हणाला, "सर, हा सर्व्हिंगचा बाण उलटा पडलाय."

सर्व्हिंग म्हणजे सेवा देणं. जो देतो त्याच्याकडून घेणाऱ्याकडं बाण जातो. पंगतीत वाढपी पानाकडं येतो, पान उठून वाढप्याकडं जात नाही, तसं. पूर्वी याचं इंग्रजी नाव वेगळं होतं, त्यात लोकांचा घोळ व्हायचा, म्हणून २०१६च्या आवृत्तीत नाव बदललं. घोळ माझ्यासाठी शिल्लक ठेवला असावा. चित्रात ईआरपीकडून स्टोअरकडं बाण पाहिजे होता. मी स्टोअरकडून ईआरपीकडं काढला होता. प्रोग्रामनंही अडवलं नाही.

"तुमच्या चित्रात सर, स्टोअर ईआरपीला जेवायला वाढतंय," तो म्हणाला आणि परचेसचे दोघं खुसखुसले.

मी चूक मान्य केली. लगेच केली, वादच नको. पण घरी येताना पुलावरच्या ट्रॅफिकमध्ये थांबलो असताना लक्षात आलं की हात चुकला नव्हता. सध्याचं जे सॉफ्टवेअर आहे, त्यानं गेल्या सहा वर्षांत मामांना एक ओळ कामाची सांगितलेली नाही. मामा दिवसभर डायरीत लिहितात आणि संध्याकाळी चार ते सहा, दोन बोटांनी, तीच डायरी त्याला भरवतात. महिनाअखेरीला ते सॉफ्टवेअर आकडा चुकवतं आणि खुलासा मामांकडं मागितला जातो. कोण कुणाला वाढतंय? हे त्या पोराला सांगायला मी दोनदा फोन हातात घेतला. तो म्हणाला असता, सर, जसं आहे तसं आणि जसं व्हायला हवं तसं, अशी दोन वेगळी चित्रं काढू. म्हणजे अजून आठ प्रती. आणि तेवढा पिवळा.

आणि नवीन ईआरपी आलं, की मामांचे चार ते सहा कमी होणार का, हे त्या ए-थ्री कागदावर कुठंच नाही. लोगो आहे.

दुपारी व्हाउचर अकाउंट्सला दिलं होतं. तासाभरानं तिथल्या मॅडम स्वतः उठून आल्या. त्या कधी उठत नाहीत. व्हाउचर माझ्या टेबलावर ठेवलं, बिलावर नखानं टिचकी मारली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "सर, मला तसं काही नाही. पण ऑडिटला अडचण येईल. हे घरचं काम दिसतंय."

बिलावर निळ्या शाईत, सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: वंशावळ, रंगीत, ८ नग, ₹२४०. त्याखाली: पिवळा, ₹४०.

मी मॅडमना समजावायला माझ्या वाट्याची प्रत उघडली. त्यांनी वाकून बघितलं, काडीच्या माणसावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हे तुमचे आजोबा का?"