आधी शिवण, मग स्कॅन

बँकेतून निवृत्त झालो आणि महिन्याभरात गावच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीत शिरलो. पहिल्याच सभेत बोलून गेलो, "माळ्यावरचे जुने दिवाळी अंक स्कॅन करून ठेवायला हवेत." अध्यक्ष म्हणाले, "उत्तम! तुम्हीच बघा. फक्त तज्ज्ञांना विचारून करा हं." सूचना मांडणाऱ्याच्याच गळ्यात सूचना पडते, हे तीस वर्षं नोकरी करूनही ऐन वेळी आठवू नये?

अंक मात्र सोन्यासारखे. १९०९ साली 'मासिक मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला. तितके जुने आमच्याकडे नाहीत, पण साठच्या दशकातले गठ्ठेच्या गठ्ठे आहेत. कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यातल्या आम्लानेच पिवळा पडलेला. पान उलटलं की कोपरा हातात येतो. कुणीतरी मायेने सेलोटेप लावली होती. टेप कधीच गळून गेली, तिचा तपकिरी पट्टा तेवढा कवितेवर राहिलाय.

ग्रंथपालबाईंना वर्गीकरणाचं विचारलं. "बघावं लागेल," त्या म्हणाल्या, "पण स्कॅनिंग ३०० डीपीआयच्या, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांच्या, खाली घेऊ नका बरं का!" स्कॅनिंगवाल्याला डीपीआयचं विचारलं. "बघावं लागेल. पण कॉपीराइटची काळजी सोडा साहेब, जुनं आहे, कोण विचारतंय!" वकिलांना कॉपीराइटचं विचारलं. "लेखक वारल्यावर ६० वर्षं हक्क राहतो. पण अंकात लेखक तीस, म्हणजे बघावं लागेल. कोण कधी गेलं याची यादी आणा. आणि डांबरगोळ्या भरपूर टाका, कसर लागत नाही."

मग दोन दिवस मी फोनवर एकच प्रश्न विचारत होतो, "ते गेले का हो? कधी?" तिसऱ्या दिवशी बायकोने न सांगताच पांढरा सदरा काढून ठेवला.

खजिनदारांचं मात्र 'बघावं लागेल' नव्हतं. त्यांचं ठाम होतं. सुटी मासिकं दाखल नोंदवहीत चढत नाहीत. वर्षवार बांधणी केली की खंडाला दाखल क्रमांक मिळतो. "क्रमांक नाही म्हणजे कागदोपत्री वस्तूच नाही. नसलेल्या वस्तूच्या स्कॅनिंगचा खर्च मी कसा दाखवू?" बँकेचा माणूस मी, मला हे लगेच पटलं.

म्हणून आधी बाइंडर. त्याने अंक ठासून शिवले, कडा यंत्राखाली सफाईने कापल्या, वर सोनेरी अक्षरं उठवली. अध्यक्षांनी खंडांसोबत फोटो काढला. मग स्कॅनिंगवाला आला. त्याने एक खंड काचेवर पालथा घातला, दोन्ही हातांनी दाबला, शेवटी कोपराने दाबला. आतल्या बाजूची अक्षरं शिवणीत गेली होती आणि बाहेरच्या बाजूची कटिंगमध्ये. कथेतल्या नायिकेच्या नावातला फक्त 'लि' दिसत होता. ती नलिनी की मालिनी, कळेना.

"शिवण उसवून घ्या," तो म्हणाला. बाइंडर म्हणाला, "उसवतो, पण उसवल्याचं वेगळं बिल." खजिनदार म्हणाले, "दाखल झालेला खंड उसवायचा? मग आधी खारीज करावा लागेल."

हा ठराव पुढच्या सभेत आहे. काल जिन्यात शेजारच्या जोशांनी मुदतठेवीच्या व्याजाचं विचारलं. मी म्हटलं, "बघावं लागेल." मग त्यांच्या हातात आजोबांचं खरेदीखत दिसलं. लॅमिनेट करायला निघाले होते. ते करू नका, हे सांगत त्यांना अर्धा तास जिन्यातच थांबवून ठेवलं.