पेंट टूलला सी प्लस प्लस लागतं म्हणे!

नाशकातल्या थ्रीडी शिकणाऱ्या पोरांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय, की माया किंवा ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये स्वतःचं पेंट टूल (मॉडेलवर ब्रशने रंग किंवा व्हॅल्यू भरायचं साधन) बनवायचं तर सी प्लस प्लस या भाषेत प्रोग्रॅम लिहिणाराच पाहिजे, पायथन ही सोपी भाषा स्लो पडते, आणि तयार ब्रश असताना आर्टिस्टने त्या भानगडीत पडूच नये. तिन्हीत घोळ आहे.

सी प्लस प्लसचं आधी. मायात स्क्रिप्ट पेंट टूल आयतं पडलंय. ब्रश, पेनचं प्रेशर, फॉलऑफ (ब्रशच्या कडेकडे जोर कमी होणं) सगळं माया सांभाळतं, तुम्ही फक्त मेलमध्ये (मायाची स्वतःची स्क्रिप्टची भाषा) चार-पाच छोट्या प्रोसीजर, म्हणजे कामाचे तुकडे, लिहायच्या: सुरुवातीला काय करायचं, व्हॅल्यू वाचायची कशी, लिहायची कशी, शेवटी आवरायचं काय. लिहिणाऱ्या प्रोसीजरला व्हर्टेक्सचा (मॉडेलच्या जाळीतल्या बिंदूचा) नंबर आणि व्हॅल्यू हातात मिळते, बस.

आता स्लो. ब्लेंडरमध्ये दर माउस हलण्याला लाखभर व्हर्टेक्सवर फॉर लूप चालवला तर लटकणारच ना भाऊ! स्ट्रोक सुरू होताना एकदाच केडी-ट्री, म्हणजे जवळचे बिंदू झटकन शोधून देणारी रचना, बांधा (पॉइंट भरून झाल्यावर बॅलन्स करायला विसरू नका), मग रे-कास्टने (कर्सरमधून मॉडेलवर किरण सोडून) कर्सरखालचा पॉइंट काढा आणि ट्रीला विचारा की एवढ्या रेडियसमध्ये कोण कोण आहे. ती शोधाशोध पायथनमध्ये होतच नाही, आतल्या कंपाइल केलेल्या कोडमध्ये होते, पायथनच्या वाट्याला ब्रशखालचे तेवढेच व्हर्टेक्स येतात. फक्त ऑब्जेक्टचं रे-कास्ट लोकल स्पेसमध्ये (त्या ऑब्जेक्टच्या स्वतःच्या मापात) चालतं, वर्ल्ड मॅट्रिक्स (ऑब्जेक्ट सीनमध्ये कुठे नि कसा बसलाय त्याचं गणित) उलटं करून किरण आत नेला नाही तर ब्रश इथे नि रंग भलतीकडेच. कोट्यवधी पॉलिगॉनचं (मॉडेलच्या छोट्या चपट्या तुकड्यांचं) मॉडेल मातीसारखं घडवणारा स्कल्प्टिंग ब्रश हवा असेल तर मात्र सी प्लस प्लस, ते मान्य.

आणि तयार ब्रशचं म्हणाल तर गोदाघाटाचंच घ्या. रामकुंडाच्या पायऱ्यांचं मॉडेल आहे, शेवाळ फक्त आडव्या भागावर आणि पाण्याच्या जवळ हवंय. ब्लेंडरच्या तयार व्हर्टेक्स पेंटमधलं फ्रंट-फेस फॉलऑफ बघणाऱ्याचा कोन मोजतं, दगडाचं तोंड वर आहे का हे त्याला कुठे कळतं? स्क्रिप्टमध्ये मात्र दोन ओळींची अट: नॉर्मलचा (पृष्ठभागाचं तोंड कुठे आहे ते सांगणाऱ्या बाणाचा) झेड, म्हणजे वरच्या दिशेचा आकडा, ०.७ च्या वर, उंची पाण्यापासून अर्ध्या मीटरच्या आत. मग खुशाल आडवातिडवा ब्रश फिरवा, उभ्या दगडाला रंग लागतच नाही. आणि शेवाळ कुठे धरतं हे घाट बघून मॉडेल केलेल्या आर्टिस्टलाच माहीत असणार, त्या सी प्लस प्लसवाल्याला नाही. उद्या क्लायंट म्हणाला गंगेला (म्हणजे गोदावरीला) पूर दाखवा, पाणी दुतोंड्या मारुतीच्या (घाटावरच्या, नाशिककर ज्यावरून पूर मोजतात त्या मूर्तीच्या) कमरेला आणा, तर पातळीचा आकडा बदलायचा आणि परत ब्रश फिरवायचा.