लूप लावा, निर्वाण मिळवा

भवचक्रावर, म्हणजे बौद्धांच्या जन्ममरणाच्या फेऱ्यावर, प्रायोगिक व्हिडिओ करायचाय? अगदी सोपं आहे. परवाच एका कलादालनात असला एक सोसून आलोय, त्यामुळे कृती डोक्यात ताजी आहे.

आधी गोल फिरणारं काहीतरी गाठा. पंखा, चाक, काहीही. (मी पाहिलं त्यात वॉशिंग मशीन होतं. आत एकच लाल कापड. भिक्खूचं चीवर म्हणे!) त्याचा वेग इतका कमी करा, की प्रोजेक्टर अडकलाय असं वाटावं.

बाकाला पाठ नको. दुःख हे आर्यसत्य आहे.

तिबेटी वाटी वाजत राहू दे.

भिंतीवरच्या टिपणात 'आत्म्याचा अनंत प्रवास' हे शब्द हवेतच. बुद्धाने तो आत्माच नाकारला होता, पण एवढ्या तेवढ्यावर कुठे अडायचं! एका दिव्याने दुसरा लावला म्हणून पहिल्यातलं काही उठून दुसऱ्यात जात नाही, हे नागसेन नावाच्या भिक्खूने मिलिंद राजाला सांगितलं. राजाला पटलं. टिपण लिहिणाऱ्यापर्यंत पोचायचंय अजून.

आता मुख्य गोष्ट, लूप. छोटीशी फाईल घ्या, 'रिपीट' दाबा आणि हेच जन्ममरणाचं चक्र म्हणून जाहीर करा. अविद्येतून संस्कार, संस्कारातून विज्ञान (म्हणजे जाणीव), पुढे तृष्णा, उपादान (म्हणजे धरून ठेवणं), अशी १२ निदानांची, म्हणजे कारणांची, साखळी आहे. तिच्या वाटेला जाऊ नका. कारणं दाखवायची म्हणजे विचार करावा लागतो, आणि वाटी वाजवणं त्यापेक्षा सोपं. पण अहो, तुमची फाईल हजारदा फिरली तरी तिला काही होतं का? पहिल्या फेरीत घडलेल्याचा दुसरीवर कणभर तरी परिणाम? मग कर्म कुठंय यात? विपाक, म्हणजे त्याचं फळ, कुठंय? व्हिडिओ कलाकार नाम जून पाइकने 'झेन फॉर फिल्म'मध्ये नुसती कोरी फिल्म फिरवली, तीही १९६४ साली. प्रत्येक फेरीत तिच्यावर धूळ बसायची, चरे पडायचे आणि पुढच्या फेरीत तेच पडद्यावर उमटायचे. मागचं पुढे भोगायचं, ते असं! १९७४च्या 'टीव्ही बुद्ध'मध्ये तर त्याने एक मूर्ती, एक कॅमेरा आणि एक टीव्ही एवढ्यावर भागवलं. मूर्ती पडद्यावर स्वतःलाच बघत बसलीय, आणि मागून डोकावणारा प्रेक्षकही त्या चित्रात सापडतो. चीवर धुवायला टाकावं लागलं नाही त्याला.

तिबेटी भवचक्रात मधोमध कोंबडा, साप आणि डुक्कर असतात, म्हणजे लोभ, द्वेष आणि मोह. बाहेर उभा राहून बुद्ध सुटकेची वाट दाखवत असतो. तुमच्या खोलीत ती वाट दाखवायला 'एक्झिट'चा हिरवा दिवा तेवढा होता.

आता सरळच बोलतो. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात, व्हरांड्याच्या भिंतीवर, पाचव्या शतकातल्या भवचक्राचा तुकडा अजून शिल्लक आहे. तो काढणाऱ्यांना विषय माहीत होता. तुम्हाला नाही, आणि माहीत करून घ्यायची इच्छाही दिसत नाही. फिरणाऱ्या कापडाचं इतकंच वेड असेल, तर 'फिरणारं कापड' असं नाव द्या. उभा राहून बघेन. बुद्धाला कशाला वेठीला धरता? आणि टिपणातला तो आत्मा आजच्या आज खोडा.