कसब्याचा निकाल कसब्याचाच

पोटनिवडणुकीचा निकाल लागला की एक मेसेज हमखास फिरायला लागतो. पक्ष आणि नावं बदलतात, गाभा तोच राहतो. पोटनिवडणूक म्हणजे देशाचा कौल. दिल्लीत पक्षाला नवा अध्यक्ष मिळाला म्हणून गल्लीतला निकाल फिरला. एरवी पोटनिवडणुकीत सत्ताधारीच जिंकतात, तेव्हा बाहेरगावी शिकणाऱ्या पोरांनी एका मतासाठी गावी जाण्यात काही अर्थ नाही, आणि एक जागा रिकामी राहिली तरी काही बिघडत नाही. मी राज्यशास्त्राची विद्यार्थिनी आहे. शिकते पुण्यात, पण मतदार यादीत नाव नांदेड जिल्ह्यात आहे. माझ्या वयाची कितीतरी मुलं हा मेसेज खरा मानून पुढे पाठवतात आणि मतदानाच्या दिवशी खोलीवर बसून राहतात. म्हणून त्यातलं एकेक विधान घेऊन लिहिते आहे.

आधी नेतृत्वबदलाचं. २ मार्च २०२३ ला पुण्यातल्या कसबा पेठ विधानसभा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत काँग्रेसचे रवींद्र धंगेकर जवळपास ११ हजार मतांनी निवडून आले, तेव्हा हे विधान जोरात होतं. मल्लिकार्जुन खर्गे ऑक्टोबर २०२२ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष झाले होते. शशी थरूर यांना १,०७२ मतं, खर्गेंना ७,८९७. दोन दशकांहून जास्त काळानंतर गांधी घराण्याबाहेरचा अध्यक्ष आला आणि चार-पाच महिन्यांत भाजपचा १९९५ पासूनचा गड पडला, मग दोन्हींची सांगड घालायला कितीसा वेळ लागतो?

पण त्याच दिवशी आणखी निकाल लागले होते. नागालँडमध्ये काँग्रेसला एकही जागा मिळाली नाही. मेघालयात २०१८ मध्ये २१ जागा होत्या, त्या ५ वर आल्या. त्रिपुरात ३. पश्चिम बंगालमधल्या सागरदिघीची पोटनिवडणूक मात्र काँग्रेसने जिंकली, आणि तिथला विजयी आमदार तीन महिन्यांच्या आत तृणमूलमध्ये गेला. अध्यक्ष एकच आणि दिवसही एकच. कसब्याचं श्रेय खर्गेंना द्यायचं तर नागालँडचं शून्यही त्यांच्याच खात्यात टाकावं लागेल. तसं करायला कुणी तयार नसतं.

कसब्यात काय झालं ते कसब्यातच शोधायला हवं. आमदार मुक्ता टिळक यांचं डिसेंबर २०२२ मध्ये निधन झालं. भाजपने उमेदवारी टिळकांच्या घरात दिली नाही, हेमंत रासने यांना दिली, आणि त्यावरची नाराजी लपून राहिली नाही. समोर धंगेकर. अनेक वर्षांचे नगरसेवक, मनसेत असताना भाजपच्या गिरीश बापटांविरुद्ध विधानसभा लढलेले, पेठांमधल्या वाड्यावाड्यांतून ओळख असलेले. महाविकास आघाडीत बंडखोरी नव्हती, त्यामुळे विरोधी मतं एका जागी पडली. त्याच दिवशी चिंचवडच्या पोटनिवडणुकीत बरोबर उलटं घडलं. भाजपच्या अश्विनी जगतापांना १ लाख ३५ हजारांवर मतं, राष्ट्रवादीच्या नाना काटेंना ९९ हजारांवर आणि बंडखोर राहुल कलाटेंना ४४ हजारांवर. काटे आणि कलाटे यांची बेरीज जगतापांपेक्षा जास्त भरते. एका शहरालगतच्या दुसऱ्या शहरात निकाल फिरला तो बंडखोराने, दिल्लीतल्या कुणी नाही.

आणि पुढे? नोव्हेंबर २०२४ मध्ये याच कसब्यात याच रासनेंनी याच धंगेकरांना हरवलं. खर्गे तेव्हाही अध्यक्ष होते. मार्च २०२५ मध्ये धंगेकर शिंदेंच्या शिवसेनेत गेले. पोटनिवडणुकीत काँग्रेस आणि पुढच्या निवडणुकीत भाजप, हे कसब्याने याआधीही एकदा केलं आहे. १९९१ मध्ये तिथले भाजपचे आमदार अण्णा जोशी खासदार झाल्यावर तिथे पोटनिवडणूक झाली, ती काँग्रेसच्या वसंत थोरातांनी बापटांना हरवून जिंकली. नंतर १९९५ ला बापट आले आणि सलग पाच वेळा निवडून येत राहिले.

राहुल गांधींच्या वेळीही हेच झालं होतं. ते १६ डिसेंबर २०१७ ला अध्यक्ष झाले, १ फेब्रुवारी २०१८ ला काँग्रेसने राजस्थानात अलवर, अजमेर आणि मांडलगढ या तिन्ही पोटनिवडणुका जिंकल्या, आणि नव्या नेतृत्वाची लाट आली असं सांगितलं गेलं. मे २०१९ मध्ये राजस्थानातल्या २५ पैकी एकही लोकसभा जागा काँग्रेसला मिळाली नाही. अलवर आणि अजमेरही गेल्या.

आता "देशाचा कौल" या विधानाकडे येते, कारण ते माझ्या अगदी जवळचं आहे. नांदेडचे खासदार वसंतराव चव्हाण जून २०२४ मध्ये निवडून आले आणि तीन महिने व्हायच्या आत, ऑगस्टमध्ये त्यांचं निधन झालं. लोकसभेची पोटनिवडणूक विधानसभेच्या सार्वत्रिक निवडणुकीबरोबर, २० नोव्हेंबरला झाली. म्हणजे मतदार एकच, केंद्र एकच, रांगही एकच. फक्त यंत्रं दोन. एकदा बटण दाबायचं, सात सेकंद दिसणारी चिठ्ठी बघायची, मग पुढच्या यंत्राकडे सरकायचं. निकाल असा लागला की या लोकसभा मतदारसंघातल्या सहाच्या सहा विधानसभा जागा महायुतीकडे गेल्या आणि लोकसभा काँग्रेसकडे. वसंतरावांचे चिरंजीव रवींद्र चव्हाण १,४५७ मतांनी आले.

त्या दिवशी मी गावी होते. केंद्रातून बाहेर पडल्यावर माझ्या मावशीने सरळ सांगितलं की एक मत वसंतरावांच्या नावाला टाकलं आणि एक महिन्याला येणाऱ्या १,५०० रुपयांना. तिच्या मनात गोंधळ नव्हता. दोन वेगळे प्रश्न विचारले गेले होते, तिने दोन वेगळी उत्तरं दिली. आता यातला देशाचा कौल कोणता, पहिल्या यंत्रातला की दुसऱ्या? मेसेजकडे याचं उत्तर नाही. मावशीला काय म्हणायचं होतं हे विचारायचीसुद्धा त्याला गरज वाटत नाही, आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. माणसं आपल्या डोक्याने मत देतात, आणि नंतर दुसरंच कुणीतरी सांगतं की तुम्ही अमुक नेत्याला कौल दिलात.

देशाची चाचणी म्हणून पोटनिवडणूक किती फसवी असते याला २०१८ चं उत्तर प्रदेश पुरे आहे. मुख्यमंत्र्यांचं गोरखपूर आणि उपमुख्यमंत्र्यांचं फुलपूर समाजवादी पक्षाने जिंकलं, कैराना राष्ट्रीय लोकदलाने. पुढच्या वर्षी लोकसभेला तिन्ही पुन्हा भाजपकडे. आपल्याकडे त्याच वर्षीच्या मे महिन्यात भंडारा-गोंदियात राष्ट्रवादीचे मधुकर कुकडे जिंकले आणि पालघरमध्ये भाजपचे राजेंद्र गावित. तेव्हा राज्याचा कौल कुठला धरायचा होता? २०१९ ला भंडारा-गोंदियाही भाजपकडे आली.

स्थानिक स्वराज्य संस्थांच्या पोटनिवडणुकांबाबत तर हे विधान आणखी लटकं पडतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये धुळे, नंदुरबार, अकोला, वाशिम, नागपूर आणि पालघर या जिल्हा परिषदांच्या ८५ आणि त्यांच्या पंचायत समित्यांच्या १४४ जागांवर पोटनिवडणुका झाल्या. ठाकरे सरकारची परीक्षा, अशा बातम्या आल्या. मूळ कारण वेगळंच होतं. आरक्षण ५० टक्क्यांच्या वर जाता कामा नये असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मार्चमध्ये दिला, ओबीसींच्या जागांवर निवडून आलेल्या सदस्यांची पदं गेली आणि त्या जागा खुल्या प्रवर्गातून भरायच्या ठरल्या. त्या गटांमधला खरा प्रश्न तो होता. ग्रामपंचायतीला तर पक्षाचं चिन्हच नसतं. कुणी वारलं, कुणी जात वैधता प्रमाणपत्र मुदतीत दिलं नाही म्हणून सदस्यत्व गेलं, की वॉर्डात निवडणूक लागते. कपबशी विरुद्ध शिट्टी अशा लढतीतून राष्ट्रीय नेतृत्वाबद्दलचं मत काढणारा माणूस त्या वॉर्डातल्या नळाला पाणी येतं का हे विचारत नाही.

सत्ताधारीच जिंकतात हे विधान फार वेळ घेण्याच्या लायकीचं नाही. सत्तेचा फायदा असतो हे खरं. मंत्री तळ ठोकून बसतात, कामांच्या घोषणा होतात. तरी २०२१ ला पंढरपूर-मंगळवेढ्यात महाविकास आघाडी सत्तेत असताना भाजपचे समाधान आवताडे ३,७३३ मतांनी जिंकले. वडिलांच्या निधनानंतर उभे राहिलेले भगीरथ भालके सहानुभूती असूनही हरले. गोरखपूर आणि कसबा वर आलेच आहेत.

मेसेजमध्ये खरं काहीच नाही असं मात्र म्हणता येणार नाही. पोटनिवडणूक आणि देशाचं नेतृत्व यांचा संबंध कधी कधी असतो, बहुतेक वेळा उलट दिशेने. १९६३ मध्ये अमरोह्यातून आचार्य कृपलानी, फर्रुखाबादहून राममनोहर लोहिया आणि राजकोटहून मिनू मसानी हे काँग्रेसचे कट्टर विरोधक पोटनिवडणुका जिंकून लोकसभेत आले. चीनच्या युद्धातली नामुष्की ताजी होती, त्यात हे पराभव. त्याच ऑगस्टमध्ये कामराज योजना आली, म्हणजे ज्येष्ठ नेत्यांनी सत्तेची पदं सोडून पक्षाच्या कामाला लागायचं. मोरारजी देसाई, लालबहादूर शास्त्री, जगजीवनराम, स. का. पाटील यांच्यासह सहा केंद्रीय मंत्री आणि सहा मुख्यमंत्री पायउतार झाले. नेहरूंवरचा पहिला अविश्वास ठराव कृपलानींनी त्याच महिन्यात आणला, आणि गरीब माणूस दिवसाला तीन आण्यांवर जगतो हा लोहियांचा हिशेबही त्याच लोकसभेत गाजला. नेतृत्व बदललं म्हणून पोटनिवडणुका फिरल्या असं तिथे झालं नाही. आधी तीन मतदारसंघांनी तीन माणसं पाठवली, त्यांनी सभागृह हलवलं. १९७८ ला चिकमगळूरहून इंदिरा गांधी आणि १९८८ ला अलाहाबादहून विश्वनाथ प्रताप सिंह पोटनिवडणूक जिंकून आले आणि दोन वर्षांच्या आत पंतप्रधान झाले, हीही उदाहरणं आहेत. नेता स्वतः उमेदवार असतो तेव्हा संबंध थेट असतो. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि १९६३ ला नाशिकमधून बिनविरोध निवडून आले. तिथे तर मतदानच झालं नाही.

राहिलं विद्यार्थ्यांबद्दलचं विधान: एका मताने काय होणार आणि एक जागा रिकामी राहिली तर काय बिघडतं. ज्या पुण्यात मी शिकते तिथे काय बिघडतं ते दिसलं आहे. खासदार गिरीश बापट यांचं २९ मार्च २०२३ ला निधन झालं. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १५१अ प्रमाणे रिकामी जागा सहा महिन्यांत भरायची असते. मुदत एक वर्षापेक्षा कमी उरली असेल किंवा निवडणूक घेणं कठीण असल्याचं आयोगाने केंद्र सरकारशी बोलून प्रमाणित केलं, तरच सूट आहे. इथे वर्षापेक्षा जास्त मुदत उरली होती. आयोगाने इतर निवडणुकांच्या कामाचं कारण दिलं. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये ते अमान्य करून तातडीने निवडणूक घ्यायला सांगितलं, जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. जून २०२४ पर्यंत, म्हणजे चौदा महिने, पुण्याला खासदार नव्हता. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली होती, त्यामुळे नगरसेवकही नव्हते, प्रशासक कारभार बघत होते. आमच्या भागातल्या तुंबलेल्या गटाराची तक्रार घेऊन कुणाकडे जायचं, याला त्या काळात उत्तर नव्हतं. पोटनिवडणुकीला फक्त पक्षांची चाचणी समजलं की ती झाली नाही तरी कुणाला काही वाटत नाही. पुण्यात लोक रस्त्यावर आले नाहीत, याचं मला अजून वाईट वाटतं.

आणि एका मताचं वजन पोटनिवडणुकीत वाढतं. नोव्हेंबर २०२२ ला अंधेरी पूर्वमध्ये मतदान ३२ टक्क्यांच्या आत होतं, भाजपने उमेदवार मागे घेतला होता आणि दुसऱ्या क्रमांकाची १२,८०६ मतं नोटाला होती. कसबा आणि चिंचवडमध्ये निम्म्याच्या आसपास लोक बाहेर पडले. नांदेडचा फरक १,४५७ होता. आमच्या एका तालुक्यातून पुण्या-संभाजीनगरला शिकायला गेलेल्या मुलांचा आकडा याहून लहान असेल असं मला वाटत नाही.

गावी जाणं परवडत नसेल तर वसतिगृहाच्या पत्त्यावर नाव नोंदवता येतं. नवीन नोंदणीला नमुना ६, जुनं नाव हलवायला नमुना ८, सोबत कॉलेजचा दाखला. नाव एकाच ठिकाणी ठेवायचं. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार पात्रता तारखा आहेत, त्यामुळे यंदा अठरा पूर्ण झालेल्यांना वर्षभर थांबावं लागत नाही. विधानसभा-लोकसभेच्या पोटनिवडणुकीत उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत यादीत चढलेलं नाव चालतं, पण नोंदणीच्या अर्जाच्या छाननीला दिवस लागतात. जागा रिकामी झाल्याची बातमी आली त्याच आठवड्यात अर्ज करून टाका.